ढोल मावेल अशी पेटी

गेल्या वर्षी कोजागिरी उलटून दोन-तीन दिवस झाले असतील. संध्याकाळी ओसरीवर बसून शेजाऱ्यांशी कापसाच्या भावाची चर्चा चालली होती, तोच पलीकडच्या गुड्यावरची तीन तरुण मुले आली. तिघेही एकेकाळी माझ्याच हाताखाली शिकलेले. म्हणून खुर्च्या मोकळ्या असूनही खालीच बसली. थोरल्याने रुमालाची पुरचुंडी सोडून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "नऊ हजार सातशे हायेत, गुरुजी. घरोघरची वर्गणी हाये. दंडारीचा आवाज भरून ठेवाचा हाये. मशीन कोणती घ्याची, तेवढं सांगा."

दंडारी म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्या कोरपना, राजुरा, जिवती या भागातल्या राजगोंडांची दिवाळी म्हणजे दंडारी. दिवाळीच्या सुमारास एका गुड्यातले नाचणारे-वाजवणारे दुसऱ्या गुड्यात पाहुणे म्हणून जातात. तिथे त्यांचे पाय धुतले जातात, जेवणे होतात आणि रात्रभर नाच-गाणी आणि सोंगे चालतात. अंगाला राख फासलेला, खांद्यावर कातडे आणि डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला मुकुट घातलेला घुसाडी अंगणात उतरला की लहान पोरे आईच्या पदराआड दडतात आणि लगेच पुन्हा डोकावतात. ढोल, तुडूम, पितळेचे कालीकोम आणि सनईच्या जातीचे पेपरे असा सगळा ताफा एकदम सुरू झाला म्हणजे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागते. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत श्रोते माना डोलावतात. इथे छातीच डोलू लागते.

या गलबल्याला पेटीत बसवायचे होते, आणि तेही नऊ हजार सातशे रुपयांत.

मुले माझ्याकडेच का आली, याचे कारण सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते. कारण असे की, १९८७ साली हा उद्योग मी एकदा करून बसलो होतो. नोकरीला नुकताच लागलो होतो. अंगात हौस होती. त्या गुड्यात पेपरे वाजवणारे एक वृद्ध परधान होते. परधान म्हणजे गोंडांचे परंपरेने चालत आलेले गायक-वादक. देवांच्या आणि वीरांच्या कथा त्यांच्याच तोंडी राहिल्या. त्या वृद्धांना सारा गुडा 'आजा' म्हणे. आजांच्या पेपऱ्यात असा काही दम होता की, एकदा फुंकर लागली म्हणजे श्वास कुठे घेतला ते कळत नसे. एका परिचितांचा कॅसेट रेकॉर्डर मी मागून आणला, नवी कोरी साठ मिनिटांची कॅसेट घातली आणि आवाज चांगला यावा म्हणून ढोलापासून जेमतेम दोन हातांवर, अगदी पुढ्यात, ती पेटी मांडून ऐटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सारा गुडा ऐकायला जमला. कळ दाबली. आतून जे काही आले त्याला आवाज म्हणायचे की नाही, हा प्रश्नच होता. ढोलाचा एक ठोका पडला की सगळे फाटल्यासारखे होई. मागोमाग क्षणभर आवाज खोल विहिरीत जाई. तो वर येतो न येतो तोच पुढचा ठोका. पेपरे तर कुठेच नव्हते. लोक सभ्य, कोणी हसले नाही. आजांनी मात्र कान देऊन सगळे ऐकले आणि म्हणाले, "गुरुजी, हा त पत्र्यावर पाऊस पडून राह्यला. आमचा ढोल कोठी हाये?"

पुढच्या दिवाळीला नीट भरू, असे मी म्हणालो. पुढच्या दिवाळीपूर्वीच, ऐन पावसाळ्यात, आजा गेले.

तेव्हा मुलांनी ठेवलेली पुरचुंडी बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो यंत्राचा नव्हे, त्या फाटक्या आवाजाचा. आपले नेमके चुकले काय, हे शोधण्यात माझी पुढे बरीच वर्षे गेली होती. जे हाती लागले ते मुलांना सांगितले, आणि आता वाचकांनाही सांगतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचा हा मुलूख पूर्वी निजामाचा. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. कोरपना हा त्याच जुन्या राजुऱ्याचा भाग. सरहद्दी अशा सरकल्या तरी दंडारीचे पाहुणे मात्र अलीकडून पलीकडे जातच राहिले. याच आदिलाबाद जिल्ह्यात १९४० साली कुमराम भीम जोडेघाटला गोळीबारात मारला गेला आणि दुसऱ्याच वर्षी ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानवशास्त्रज्ञ मारलवाई या गोंड गावी येऊन राहिले. १९४८ साली त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ निघाला. दैवते, कथा, विधी, सण या सगळ्यांचे वर्णन इतक्या बारकाईने तोवर कोणी केले नव्हते. पण पुस्तक कितीही थोर असले तरी त्यातून ढोल ऐकू येत नाही. अक्षरांची ती मर्यादाच आहे. म्हणूनच तर माणसाला आवाजाच्या पेटीची तहान लागली.

ती पेटी मुळातच मोठ्या आवाजाला भिणारी होती, ही या इतिहासातली मौजेची गोष्ट. एडिसनने १८७७ साली पत्र्याच्या वर्खावर आवाज उमटवला तो स्वतःच्या बोलण्याचा. पुढे तबकड्या आल्या. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी वीज नव्हती, ध्वनिवर्धक नव्हते. गाणाऱ्याने एका कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या जोरानेच पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुईने मेणात चर काढायची. गाणे तीन मिनिटांत आटोपायचे. शेवटी गायिका आपले नाव मोठ्याने सांगे, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कामगारांना कोण गाते आहे ते कळायला हवे.

आता या कर्ण्यापुढे ढोल आणला तर काय होईल? सुई भलतीच हेलकावेल आणि आपली चर सोडून शेजारच्या चरीत घुसेल. म्हणून त्या काळचे मुद्रक मोठी वाद्ये खोलीच्या टोकाला नेऊन बसवीत आणि ढोलासारखी चर्मवाद्ये शक्यतो बाहेरच ठेवीत. संगीताच्या पहिल्या पंचवीस वर्षांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जर कोणी म्हणेल की, त्या काळी लोक ढोल कमीच वाजवीत, तर ते साफ चूक ठरेल. ढोल वाजत होते. पेटीला ते सोसत नव्हते. १९२५ पासून विजेवर चालणारा मायक्रोफोन मुद्रणात आला आणि ही अडचण पुष्कळशी हलकी झाली, पण ती शहरातल्या मुद्रणगृहात. रानात कोण नेणार?

रानात गेले ते निराळेच लोक. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भाषा-बोलींच्या दोनशेहून अधिक ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. त्यांतल्या पुष्कळशा म्हणजे एकाच ठरावीक गोष्टीचे त्या त्या बोलीतले कथन. आर्नोल्ड बाके हा डच पंडित शांतिनिकेतनात राहिला, मेणाच्या नळकांड्या घेऊन देशभर हिंडला. या लोकांचे उपकार मोठे आहेत. तरीही लक्षात घ्यावे की, त्यांच्या हातातली यंत्रे एका गळ्याची, एका वाद्याची, दोन-चार मिनिटांची. रात्रभराच्या दंडारीला तिथे जागाच नव्हती.

मग फीत आली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात चुंबकीय फितीचे यंत्र मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, लुडविगसहाफेन येथे सर टॉमस बीचम यांच्या हाताखाली वाजणाऱ्या लंडनच्या वाद्यवृंदाची मैफल तिच्यावर उतरवली गेली. श्रोत्यांसमोर चाललेली मैफल फितीवर धरण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग. पण ती यंत्रे अवजड, भिंतीतल्या विजेवर चालणारी. स्टेफान कुडेल्स्की या स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या पोलिश तरुणाने १९५१ मध्ये 'नाग्रा' नावाचे खांद्यावरून नेण्याजोगे यंत्र काढले. त्याची मोटर चक्क घड्याळासारखी किल्ली देऊन चालत असे. १९५८ च्या नाग्रात ट्रान्झिस्टर आले आणि मग आकाशवाण्या, चित्रपटवाले, संशोधक यांची सोय झाली. किंमत मात्र अशी की, खेड्यातल्या शिक्षकाने तिची चौकशीसुद्धा करू नये.

गरिबाच्या हातात पेटी आली ती १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली तेव्हा. पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंदीची ती फीत सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते. मूळ कल्पना काय होती? साहेबाने पत्र सांगावे, चिटणिसाने ते ऐकून टंकून काढावे. म्हणजे पुन्हा बोलणेच! नंतर याच कॅसेटने गाण्याचा बाजार उलटापालटा केला. महाराष्ट्रात भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते गल्लोगल्ली पोहोचली ती हिच्याच पाठीवरून. पण स्वस्त कॅसेट रेकॉर्डरच्या पोटात तो बोलण्याचा स्वभाव कायम राहिला, आणि माझा घात केला तो त्या स्वभावानेच.

तो स्वभाव असा. स्वस्त यंत्रात आवाजाची पातळी माणसाने ठरवायची नसते, ती यंत्र आपले आपण ठरवते. कोणी हळू बोलले की यंत्र कान टवकारते. कोणी ओरडले की कानावर हात ठेवते. दोन माणसे टेबलाशी बसून बोलत असली तर ही सोय उत्तम. पण ढोलापुढे? ठोका पडला की यंत्र दचकून कान झाकणार. ठोका विरला की हळूहळू हात काढणार. तोच पुन्हा ठोका. आजांचे पेपरे त्या झाकल्या कानांच्या वेळात वाजत होते! आणि त्याआधीचा अपराध माझा: दोन हातांवरून ढोलाचा मार इतका बसत होता की, यंत्रातला चिमुकला मायक्रोफोन तारेत आवाज धाडण्यापूर्वीच फाटून जात होता. पुढे कोणी कितीही शहाणे यंत्र जोडले असते तरी ते शिवता आले नसते.

हाताने फिरवायची कळ आणि पातळी दाखवण्याची सोय असलेली नेटकी यंत्रे तेव्हाही नव्हती असे नाही. सोनीचे खांद्याला लावायचे कॅसेट रेकॉर्डर, १९८२ चा 'वॉकमन प्रोफेशनल' ही त्यातलीच. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाच्या वाद्यवृंदाच्या मैफलींना लोक अशी यंत्रे आणि बांबूएवढ्या दांड्यांवर मायक्रोफोन घेऊन येत. त्यांची गर्दी इतकी झाली की, १९८४ पासून त्या वाद्यवृंदाने आवाज भरणाऱ्यांसाठी ध्वनिनियंत्रकाच्या मागे वेगळी जागाच राखून ठेवली. हे शौकीन लोक एक गोष्ट अनुभवाने शिकले होते: व्यासपीठाला चिकटणारा हौशी असतो, आवाज जिथे जुळून येतो तिथे जाऊन उभा राहतो तो जाणता. १९८७ सालीच बाजारात आलेली डॅट आणि १९९२ ची मिनिडिस्क हीही पुढे त्यांच्या हातात आली. आमच्याकडे यातले काही पोहोचले नाही. आपल्याकडे पुण्याच्या मंडळींनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवल्या, एक लाखाहून अधिक. १९९० नंतरच्या दशकात त्यांतल्या कित्येक प्रत्यक्ष गळ्यातून मुद्रितही झाल्या. केवढे मोठे काम! पण ओवी जात्याच्या घरघरीवर तरंगते. ढोलाची जात वेगळी.

"मंग फोन हाये ना, गुरुजी," धाकटा मध्येच म्हणाला. "फोनात नाई भरत का?" त्याचा प्रश्न रास्त होता. त्याने स्वतःच्या फोनवर मागच्या वर्षीची दंडारी लावली. ऐकतो तो काय, तोच माझा पत्र्यावरचा पाऊस! फोनही शेवटी बोलण्यासाठीच घडवलेला. तोही कान झाकतो; वर आसपासचा 'गोंगाट' म्हणून जे त्याला वाटते ते गाळू पाहतो. ढोलाला गोंगाट समजणाऱ्या यंत्राकडून दंडारीने काय अपेक्षा करावी?

नव्या काळाच्या यंत्रांत आवाज आकड्यांत साठवतात. फीत तुडुंब भरली की हळूहळू कुरकुरते. आकड्यांचे तसे नाही. मर्यादा ओलांडली की लाटेचा माथा कोयत्याने छाटल्यासारखा सपाट होतो. म्हणून माया राखावी लागते. सोळा अंशांच्या मोजणीत अत्यंत हळू आणि अत्यंत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल धरता येते, चोवीस अंशांत कागदावर तरी १४४. तेव्हा चोवीस अंशांवर भरताना पातळी मुद्दाम खाली ठेवली तरी काही बिघडत नाही. २००६ नंतर तळहातावर मावणारी अशी यंत्रे निघाली. २०१० साली झूम कंपनीने सुमारे शंभर डॉलरला एक काढले आणि हे ज्ञान सामान्य माणसाच्या खिशाच्या जवळपास आले. २०१९ पासून बत्तीस अंशांच्या 'तरत्या' मोजणीची यंत्रे येऊ लागली आणि २०२४ पर्यंत ती सोय स्वस्त यंत्रांतही आली. तिच्यात माथा छाटला जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही; घरी येऊन पातळी खाली ओढून घ्यावी.

मधल्या पोराचे डोळे हे ऐकून चमकले. "मंग तेच घेऊ!" मी त्याला थांबवले. आकड्यांचे भांडे कितीही मोठे झाले तरी दाराशी बसलेला मायक्रोफोन तोच असतो. तो फाटला तर मोठ्या भांड्यात फाटलेला आवाज अगदी सुखरूप साठेल, एवढेच.

तेव्हा आम्ही पाटीवर चार प्रश्न लिहिले. दुकानातली नावे दर दोन वर्षांनी बदलतात. हे प्रश्न बदलणार नाहीत, म्हणून यंत्राचे नाव न देता ते प्रश्नच इथे देतो.

पहिला प्रश्न: याचा मायक्रोफोन किती आवाज सोसतो? माहितीपत्रकात 'कमाल ध्वनिदाब' म्हणून आकडा असतो. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे १२० डेसिबलचा आवाज बोलण्याच्या दहा लाख पट! स्वस्त यंत्रांचा आकडा १२० ते १२५ असतो, महागड्यांचा १३० ते १४०. आकडा दिलेलाच नसेल तर ते यंत्र बोलण्यासाठी आहे असे समजून दुकानातून नमस्कार करून बाहेर यावे.

दुसरा: पातळी हाताने ठरवता येते काय, आणि कान झाकण्याची ती आपोआप सोय पूर्ण बंद होते काय? होत नसेल तर फुकट मिळाले तरी नको.

तिसरा: कोरपन्याच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या पेन्सिल सेलवर ते रात्रभर चालते काय? मध्यरात्री गुड्यात वीज गेली तर चार्जरचा उपयोग शून्य.

चौथा: बाहेरची तार जोडता येते काय? दंडारीला ध्वनिवर्धक नसतो. पण दिवाळी सरली की पूर्वेकडे झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या मंडळ्या गावोगाव रात्ररात्र रंगतात. तिथे ध्वनिवर्धकाच्या पेटीतून थेट तार घेता आली तर सोन्याहून पिवळे. आज ना उद्या मुले तिकडेही जातील.

चारही प्रश्नांना उत्तर देणारे यंत्र नऊ हजारांच्या आत बसले. उरलेल्या पैशांत सेल आणि दोन स्मृतिपत्रे घेतली. वाऱ्याच्या फुरफुरीसाठी एका म्हाताऱ्याची जुनी लोकरी टोपी कापून यंत्राला झबले शिवले. उभे करायला बांबू होताच.

पण खरा शोध पुढेच लागला, आणि तो फुकटचा होता. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरवरून आठ मीटरवर गेले की बारा डेसिबल कमी! म्हणजे १२० सोसणाऱ्या यंत्राला चार-सहा पावले मागे नेले की ते १३२ सोसणाऱ्या महागड्या यंत्राच्या पंक्तीला बसले. जे पैशांनी मिळत नव्हते ते पायांनी मिळाले. सरावाच्या दिवशी आम्ही तीन ठिकाणी भरून पाहिले. दोन मीटरवर ढोल फाटला. सोळा मीटरवर कुत्री, पोरे आणि रस्त्याने जाणारे सिमेंटचे ट्रक यांचीच दंडारी झाली. आठ मीटरवर, बांबूच्या टोकाला, पेपऱ्यांच्या बाजूला थोडे वळवून, सगळे जुळले. सगळ्यांत मोठ्या ठोक्याला मोजपट्टी वरच्या टोकाच्या बारा डेसिबल खाली थांबेल अशी पातळी ठेवली आणि मग कळेला कोणी हात लावायचा नाही असा दंडक केला.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या कोणत्याच माहितीपत्रकात नव्हती. गावचे पटेल म्हणाले, "देवाच्या वक्ताले मशीन बंद ठेवाची." कोणते गाणे भरायचे, कोणते नाही, भरलेले कोणाला द्यायचे, हे गुड्याने बसून ठरवावे, असे ठरले. मला ते फार बरे वाटले. आमच्या मुलखाचे किती तरी थोर ज्ञान परदेशी ग्रंथालयांत जाऊन सुखरूप राहिले. पण ज्यांचे ते होते त्यांच्या घरात त्याची प्रत नव्हती. यावेळी एक स्मृतिपत्र पटेलांच्या पेटीत आणि दुसरे शाळेच्या कपाटात राहील. मारलवाईचे घुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये ते वारलेही. मान मिळायला उशीर होतो; जायला होत नाही. म्हणून भरून ठेवायचे ते वेळेवर.

दंडारी झाली. आठ मीटरवरून ती पेटी सारी रात्र ऐकत राहिली. सकाळी मुलांनी कानाला लावून ऐकले आणि एकमेकांकडे बघून नुसती हसली. ढोल ढोलासारखा होता. पेपरे वाजवत होता तो आजांचा नातू. आजांइतका दम त्याला अजून यायचा आहे, पण प्रत्येक फुंकर वेगळी ऐकू येत होती.

मग थोरल्याने विचारले, "गुरुजी, तुमची ते जुनी कॅसेट हाये का?" होती, ट्रंकेच्या तळाशी, शिसपेन्सिलीने तारीख घातलेली. कॅसेट वाजवण्याचे यंत्र शोधण्यातच आठ दिवस गेले. त्यातून आवाज काढून मुलांनी नव्या यंत्रात उतरवला. पाऊस तसाच होता. त्यात काही वाचवण्याजोगे नव्हते, हे मला ठाऊकच होते. मी उठणार, तेवढ्यात ढोल थांबला. कॅसेट मात्र चालूच होती. त्या दिवशी कळ बंद करायला मी विसरलो असणार. शांतता झाली तशी त्या यंत्राने सवयीप्रमाणे कान टवकारले, हळूहळू रातकिडे वर आले, कोणाचे तरी खोकणे आले, आणि मग अगदी जवळून, स्वच्छ, दम लागलेला आवाज आला: "भरलं का, गुरुजी?"

आजांची म्हातारी तिथेच बसली होती. तिने ते पुन्हा लावायला सांगितले, आणि नंतर आणखी एकदा.

ज्या खोडीने आजांचे वाजवणे बुडवले तिनेच त्यांचे बोलणे राखले. यात यंत्राचा दोषही नाही आणि थोरवीही नाही. ते बोलण्यासाठी घडवले होते आणि त्याने आपले काम केले. कोणत्या कामाला कोणते यंत्र, हे मला तेव्हा कळले नाही. आता मुलांना कळते. यंदाच्या दंडारीसाठी बांबू तोडून आणला आहे, टोपीचे झबले धुऊन वाळत घातले आहे. आणि आठ मीटरची खूण म्हणून अंगणात नातवाने एक खुंटी ठोकून ठेवली आहे.